ओल्या गवतावरून उड्डाण

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लहान विमान चालवायला शिकते. तिथली धावपट्टी गवताची आहे. पावसानंतर तिथून उड्डाण करणे कितपत सुरक्षित असते?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण हिशेब चोख असेल तर असे उड्डाण सुरक्षितपणे करता येते. ओले गवत चाकांना अडवते, वेग उशिरा येतो आणि धाव लांबते. म्हणून ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार कोरड्या, पक्क्या धावपट्टीसाठी दिलेल्या उड्डाण-अंतराला १.३ ने आणि वर सुरक्षिततेसाठी १.३३ ने गुणतात, म्हणजे ४०० मीटरचे जवळपास ६९० मीटर होतात. वजन १० टक्क्यांनी वाढले की हे अंतर आणखी सुमारे २० टक्क्यांनी वाढते, त्यामुळे टाकीत इंधन किती आणि सोबत कोण, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जमीन मऊ आहे का, हे आधी पायी चालून पाहावे. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर उड्डाण तत्काळ सोडून द्यावे, कारण ओल्या गवतावर ब्रेकही नीट लागत नाहीत. त्या निम्म्या अंतराची कडेची खूण निघण्यापूर्वीच हेरून ठेवायला तिला अवश्य सांगा.