नांदूरमध्यमेश्वरला (नाशिक जिल्ह्यातलं पक्षी अभयारण्य) पक्ष्यांचे फोटो धूसर येतात. कर्ज काढून ६०० एमएम लेन्स घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की ७०-३०० एमएम लेन्सने दुपारी काढलेली बदकं ठिपक्याएवढी आली आणि तीही धूसर. (एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं.) ६०० एमएमने ठिपका मोठा होईल, पण धूसरपणाही त्याच्याबरोबर मोठा होईल. म्हणून हा हिवाळा तरी कर्ज काढू नका.

मी याच वाटेने गेले आहे. सेकंडहॅण्ड १५०-६०० घेतली आणि पहिला सीझनभर सगळे फोटो पिठूळ आले. लेन्स दुरुस्तीला दिली, तर काही दोष नाही म्हणून परत आली. मग एका रात्री सगळे फोटो वेळेप्रमाणे लावून पाहिले. सकाळी साडेसातचा वारकरी, म्हणजे तो काळा पाणपक्षी: लालबुंद डोळा, पांढरी चोच, चोचीच्या टोकाला लटकलेला थेंबसुद्धा स्पष्ट. त्याच बांधावरून अकरा वाजता काढलेला वारकरी: ओल्या कागदावर शाई पसरावी तसा.

बिघाड हवेत होता. ऊन चढलं की चिखल आणि बांध तापतात, वर गरम-गार हवेचे थर हलत राहतात आणि त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. पक्षी जितका लांब, तितकी ही हवा मध्ये जास्त, आणि लांब लेन्स पक्ष्याबरोबर तिचं थरथरणंही मोठं करून दाखवते. यावर दीड लाखाच्या लेन्सकडेही इलाज नाही. पहाटेच्या थंडीत पाण्यावरून वाफ निघत असते तेव्हाही थोडं असंच होतं.

घरी तपासून बघा. बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो घ्या. प्रत्येक फोटोत धूसरपणा वेगळा असेल आणि कडा लाटांसारख्या दिसत असतील, तर हवा. दहाच्या दहांमध्ये पक्षी सारखाच धूसर असेल आणि पुढचं-मागचं गवत मात्र स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं, तर हात हलला. शटरचा वेग वाढवा: बसलेल्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/२००० च्या पुढे. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही.

आता ठिपक्याचं. १.५ क्रॉपच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० एमएमला १०० मीटरवर साधारण ४ मीटर रुंदीची फ्रेम मिळते. थापट्या बदक जेमतेम अर्ध्या मीटरचं, म्हणजे फ्रेमचा आठवा भाग. तेच बदक २५ मीटरवर आलं, तर तुमच्या ३०० एमएमलाही पाव फ्रेम भरतं, आणि मधली हवा चौपट कमी.

२५ मीटरवर आणायचं कसं? आपण जायचं नाही, त्यांना येऊ द्यायचं. चापडगावच्या बाजूला उजाडायच्या आधी पोहोचा, मळकट रंगाचे कपडे घाला, काठाशी खाली बसा आणि खरंच हलू नका. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळे लांब सरकतात. मग दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरतो, वारकऱ्यांचा अख्खा थवा पाण्यावर पाय आपटत धावत सुटतो, आणि पुन्हा बसताना आपण तिथे आहोत हे विसरलेला असतो. एकदा थापट्यांचं टोळकं चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत, फिरता फिरताच माझ्यासमोर आलं. फावड्यासारख्या चोचीच्या कडेची कंगव्यासारखी झालर दिसत होती. तो फोटो मी ३०० एमएमला काढलाय.

पाण्यात उतरून पक्ष्यांच्या मागे जाऊ नका, हे मात्र कळकळीने सांगते. ही बदकं हजारो किलोमीटर उडून येतात, आणि आपण उठवलेल्या प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी जळते. जानेवारी २०२० मध्ये नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालं ते या पाणथळीसाठी आणि पक्ष्यांसाठी, आपल्या फोटोंसाठी नव्हे.

गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन आणि हीटर दोन्ही बंद. हीटर चालू असेल तर खिडकीतून बाहेर जाणारी गरम हवाच फोटो बिघडवते. गरम गाडीतून काढलेली लेन्सही थंड व्हायला थोडा वेळ घेते. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात मक्याचे दाणे भरा आणि ती खिडकीवर ठेवून लेन्स टेका. माझी तीच पिशवी अजून चालते आहे.

६०० एमएमची खरी गरज आहेच, नाही असं नाही. ममदापूरचे काळवीट जवळ येऊ देत नाहीत आणि अंजनेरीच्या कड्यावरच्या गिधाडांजवळ तर आपण जाऊच नये. पण एफ ६.३ ची (हा लेन्सचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा) ६०० म्हणजे पुढे ९५ मिमीची काच आणि सुमारे दोन किलो वजन. आधी दोन दिवस भाड्याने आणा, सकाळी सव्वासात ते नऊ वापरा, नऊनंतर बॅगेत ठेवा. त्या फोटोंशेजारी तुमचे ३०० एमएमचे त्याच वेळेचे फोटो ठेवून बघा, मग कर्जाचं ठरवा.