‘आता जपण्यासारखं उरलंय काय?’

*मावशी, सलाम. माझं वय 26. गाव नगर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात, स्टाफ नर्स आहे. आमच्या चर्चच्या तरुण संघातल्याच एका मुलाबरोबर माझे दोन वर्षं संबंध होते. लग्न करू म्हणाला होता. पहिल्या वेळी मी नको-नको म्हणत होते, त्यानं ऐकलं नाही. पुढे मीही नको म्हणायचं सोडून दिलं. मग त्यानं घरच्यांनी बघितलेल्या मुलीशी लग्न केलं. आता मला स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, साखरपुडा झाला, लग्न जानेवारीत आहे. तो म्हणतो, दोन दिवस महाबळेश्वरला जाऊ, ठरलंच तर आहे. मला जायचं नाही. पण मग वाटतं, आता माझ्याकडे जपण्यासारखं उरलंय काय?*

*दहावीत असताना एका शिबिरात वक्त्यांनी पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात पेढा दिला आणि शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात फिरवायला लावला. परत आला तेव्हा तो चेपलेला, काळपट झाला होता. त्यांनी विचारलं, ‘आता हा कोण खाईल?’ मुलं हसली. साखरपुड्याला सगळ्यांनी मला पेढा भरवला, तो मी तोंडातून रुमालात काढून घेतला. दीड वर्ष झालं, चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा, ट्रे आला की मी पुढे सरकवते. आईला सांगते, पोट बरं नाही. होणाऱ्या नवऱ्याला हे सगळं सांगू का? नाही सांगितलं तर फसवणूक होईल का?*

बाळ, सलाम.

तू एक वाक्य लिहून पटकन पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. पहिल्या वेळी तू नको म्हणत होतीस आणि त्यानं ऐकलं नाही. त्या दिवशी जे घडलं ते तुझं पाप नाही. प्रार्थनेत ज्या गोष्टींची तू क्षमा मागतेस, त्यांतून ती एक आजच काढून टाक. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात रानात गाठून जबरदस्ती झालेल्या मुलीबद्दल स्पष्ट सांगितलंय की तिला काही करू नका. एखाद्यानं शेजाऱ्यावर चालून जाऊन त्याचा जीव घ्यावा, तसं ते आहे, असं नियमशास्त्र म्हणतं. मेलेल्या शेजाऱ्याला कोणी अपराधी धरत नाही. तो मुलगा तरुण संघातला होता, ओळखीचा होता, तुला आवडत होता, यानं काही बदलत नाही. तुला याबद्दल कोणाशी बोलावंसं वाटलं, किंवा पुढे काही करावंसं वाटलं, तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे. करायचं की नाही, हे तू ठरव. मंडळीची, म्हणजे चर्चची, अब्रू सांभाळायचं ओझं तुझ्या डोक्यावर नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांचं वेगळं बोलावं लागेल, आणि तिथं मी तुला नुसतं गोंजारणार नाही. शरीरसंबंध लग्नाच्या आत, असं आपलं शिक्षण आहे आणि ते मी मनापासून मानते. ‘जग बदललंय, एवढं मनाला लावून घेऊ नकोस’ असं म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण आठवडाभरच. तुझ्या मनाला जे लागलंय ते खोटं नाही. फक्त त्या खऱ्या दुःखावर त्या शिबिरानं एक खोटी गोष्ट चढवून ठेवली आहे. ती आधी उतरवू.

तो पेढा ज्या वचनासाठी फिरवला असेल, ते मला ठाऊक आहे. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय. ‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे.’ शिबिरांतून हे वचन मुलींना इतक्या वेळा ऐकवलं जातं की ते मुलींसाठीच लिहिलंय असं वाटावं. आता मूळ जागी जाऊन बघ. करिंथ हे दोन बंदरांचं शहर. इ.स.पू. 146 मध्ये रोमन सैन्यानं ते उद्ध्वस्त केलं आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्यूलियस सीझरनं पुन्हा वसवलं. खलाशी, व्यापारी, मुक्त झालेले गुलाम, हातात खेळणारा पैसा. पौल तिथं दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. लोक त्यानं जवळून बघितले होते. पुढे इफिसाहून त्यानं हे पत्र लिहिलं, आणि या अध्यायात तो कोणाला झापतोय? वेश्येकडे जाणाऱ्या पुरुषांना. मंडळीतल्या, बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांना. ‘मला सगळ्याची मोकळीक आहे’, ‘अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी’ असं म्हणत ते भुकेसारखीच ही एक भूक धरत होते. पौल म्हणतो, नाही. शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी. देव हे शरीर उठवणार आहे. मातीत टाकून द्यायची ती चिंधी नव्हे.

म्हणजे तुझ्या शिबिरात पेढा फिरत होता तेव्हा हे वचन मागच्या बाकांवर हसणाऱ्या मुलांना वाचून दाखवायला हवं होतं. मला याचा राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. मी स्वतः तीस वर्षं साब्बाथ शाळेत, चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गात, शिकवलं. मीही मुलींना पांढऱ्या साडीवरच्या डागाचा दाखला देत असे. मुलांना काय सांगायचे? अभ्यास करा, सिगारेट ओढू नका. एक मुलगी त्या दिवसानंतर वर्गाला आलीच नाही. ती का आली नाही हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून तो दाखला मी दिलेला नाही.

पेढ्याचा दाखला चुकीचा का आहे, ते सांगते. पेढा खाण्यासाठी असतो. तो कोणाच्या तरी तोंडात जायचा म्हणून त्याला किंमत. मुलीचं शरीर म्हणजे नवऱ्यासाठी झाकून ठेवलेला खाऊ, एवढंच त्यातून कळतं, आणि देव त्या गोष्टीत कुठेच नसतो. पौलानं मंदिर म्हणताना ‘नाओस’ हा ग्रीक शब्द वापरलाय. अंगण, ओसरी यांच्यासकट सगळा परिसर नव्हे, तर देव जिथं वसतो तो आतला भाग. मंदिराची किंमत आत कोण राहतो त्यावर ठरते. आणि मंदिर विटाळलं तर?

हे खरंच घडलेलं आहे. इ.स.पू. 167 मध्ये अंत्युखस एपिफानेस या राजानं यरुशलेमेतलं मंदिर भ्रष्ट केलं, देवाच्या वेदीवर दुसऱ्या दैवताची वेदी चढवली. तीन वर्षांनी यहूदी योद्धा यहूदा मक्काबी आणि त्याचे भाऊ आत शिरले. दरवाजे जळालेले होते, अंगणात रानासारखी झुडपं माजली होती. ते रडले, डोक्यात राख घातली. मग कामाला लागले. ‘आता ही जागा वाया गेली, दुसरीकडे बांधू’ असं कोणी म्हटलं नाही. झाडलं, धुतलं, नवी भांडी आणली, दारं बसवली, दिवे लावले आणि आठ दिवस पुनःसमर्पणाचा सण केला. तो सण दरवर्षी होत राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात बघ, हिवाळ्याचे दिवस आहेत, तोच सण चालू आहे आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरतोय. मंदिराची तीच जागा. एकदा विटाळलेली, पुन्हा वाहिलेली. तिथं यायला त्याला काही अडचण वाटली नाही.

त्याच गोष्टीत आणखी एक बारीक तपशील आहे, तो मला फार आवडतो. विटाळलेल्या वेदीच्या दगडांचं काय करायचं हे त्यांना कळेना. ते त्यांनी फेकले नाहीत आणि नव्या वेदीत वापरलेही नाहीत. संदेष्टा येऊन सांगेपर्यंत डोंगरावर एका योग्य जागी ठेवून दिले. तुझ्या त्या दोन वर्षांतल्या काही गोष्टी अशाच असतील. त्या चांगल्या की वाईट, तुझ्या की त्याच्या, प्रेम की फसवणूक, याचा निकाल आज रात्रीच लावायला हवा असं नाही. ठेव बाजूला.

तू नर्स आहेस म्हणून एक विचारते. महिनोन्‌महिने अंथरुणावर असलेल्या पेशंटच्या पाठीला बेडसोर झालेला तू बघितला असशील. हाड दिसेल इतका खोल, वास सुटलेला. तू काय करतेस? सलाइननं धुतेस, मेलेली कातडी निघते, गॉज भरतेस, कुशीवर वळवतेस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरा दिवसांनी कडेनं लालसर नवं मांस दिसायला लागलं की वॉर्डातल्या सगळ्यांना बोलावून दाखवावंसं वाटतं. त्या माणसाला ‘तुझं शरीर आता कामातून गेलं’ असं तू कधी म्हणाली आहेस का? मग स्वतःच्या शरीराला रोज का म्हणतेस? जखमेला जखम म्हणायचं, पण माणसाला कचरा म्हणायचं नाही, हे तुझे हात रोज करतात.

आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये, समाज ज्यांना ‘बिघडलेल्या’ म्हणायचा अशा बायकांसाठी वेगळं घर काढलं. नाव ठेवलं कृपासदन. बाईंना शब्दांची पारख होती, अख्ख्या बायबलचं त्यांनी मराठी भाषांतर केलं. त्या घराला सुधारगृह वगैरे म्हणता आलं असतं. त्यांनी दारावर कृपा लिहिली.

आता महाबळेश्वर. ‘उरलंय काय’ हा प्रश्न तुझ्याकडे काहीतरी साठा होता आणि तो संपला असं धरून चालतो. पावित्र्य असं साठवलेलं नसतं. त्या सहाव्या अध्यायातच पौल आधी जारकर्म्यांची, चोरांची, दारुड्यांची नावं घेतो आणि लगेच म्हणतो, तुमच्यातले कित्येक तसे होते, पण आता धुतले गेला आहात. त्यानंतर तो त्याच माणसांना सांगतो, शरीरानं देवाचा गौरव करा. ज्यांच्या मागे असा भूतकाळ होता त्यांनाच सांगतोय. त्यामुळे आज तू म्हटलेलं ‘नाही’ पूर्ण वजनाचं आहे, कधीच काही न घडलेल्या मुलीच्या ‘नाही’इतकंच.

तेव्हा जाऊ नकोस. सबबी सांगू नकोस, नाइट ड्युटीचं नाव पुढे करू नकोस. साधं सांग, ‘आपण लग्नानंतर जाऊ. मला लग्नाआधी तसं राहायचं नाही, मी ते देवाला धरून ठरवलंय.’ साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, हे त्यालाही ठाऊक आहे. आणि तो हे कसं घेतो ते नीट बघ. थोडा खट्टू झाला तर होऊ दे, माणूस आहे. पण चिडला, अबोला धरला, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणाला, पुन्हा पुन्हा तेच काढत राहिला, तर ते जानेवारीच्या आधी कळलेलं बरं. नको म्हटल्यावर न थांबणारा एक तू बघितला आहेस. थांबणारा कसा असतो, तेही बघू दे.

सांगायचं का? माझं मत, सांग. पण ते कबुलीजबाबासारखं नको, तारखा आणि बारकावे नकोत. तेवढं त्याला देणं लागत नाहीस. फोनवर नको, मेसेज लिहून तर मुळीच नको. दिवसाउजेडी कुठेतरी शांत बसून, ‘माझं आधी एक नातं होतं, ते शरीरापर्यंत गेलं होतं, त्यात माझ्यावर जबरदस्तीही झाली, मी ते देवापुढे ठेवलंय, तुला माहीत असावं म्हणून सांगते’ एवढं पुरे. मग त्यालाही विचार. त्याचंही काही असेल, नसेल. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल लिहितो की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार, आणि त्याच दमात, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. त्या काळात ही दुसरी ओळ ऐकून करिंथच्या पुरुषांच्या भुवया वर गेल्या असतील. पावित्र्याचा हिशेब मागायचा तर दोघांनी मागायचा.

त्याच्याशी बोलण्याआधी एका मोठ्या बाईशी बोल. पाळकीणबाई असतील, एखादी आत्या असेल, वॉर्डातली सिनियर सिस्टर असेल. तिचं तोंड बंद राहतं ना, एवढंच बघ. पहिल्यांदा मोठ्यानं बोलताना आवाज फुटतो, तो तिच्यापुढे फुटू दे. आईला आज सांगायलाच हवं असं नाही, पण पोटाचं खोटं कारण थांबव.

कारण तो ट्रे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय, माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून उठून जावं, असं तिथं नाही. दीड वर्ष तू परीक्षाच करत बसली आहेस, बाळ. पुढच्या वेळी ट्रे आला की एका हातानं धर, दुसऱ्या हातानं ती छोटी पेली उचल. हात थरथरला, दोन थेंब सांडले तर सांडू देत. शेजारचीला वाटेल गर्दीमुळे झालं. मग ट्रे पुढे दे.

महाबळेश्वरबद्दल तो काय म्हणाला ते कळव. नाव घालू नकोस, पेढ्याचं लिही, मला कळेल तूच आहेस.

तुझी,
मावशी