मानाचे चार आणि बाकीचे सगळे

प्रश्न : टेनिसच्या जोकोविचने २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिक गोल्ड जिंकलं तेव्हा त्याला रँकिंगचा एकही पॉइंट मिळाला नाही म्हणे. मग जिथे पॉइंटच नाहीत ती स्पर्धा मोठी कशी? मोठी-छोटी हे नक्की कशावरून ठरतं, पॉइंट, पैसा की अजून काही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी पॉइंटचा हिशोब उरकून टाकू म्हणजे पुढचं सोपं जाईल. ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि यूएस ओपन या मानाच्या चारांपैकी एक, जिंकलं की २०००, त्याखाली मास्टर्स १०००, मग ५००, मग २५०, आणि त्याच्याही खाली चॅलेंजर आणि आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा. पुरुषांची वर्षअखेरची एटीपी (पुरुष टेनिसची संघटना) फायनल्स आठच जणांची असते, तिथे एकही मॅच न हरता जिंकलात तर १५००. आता स्पर्धेच्या नावातच आकडा लावलाय त्यामुळे लोकांना वाटतं तोच तिचा मान. पण तसं नाहीये.

२०२२ चं विम्बल्डन आठवा. युक्रेनच्या युद्धामुळे विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही म्हणून एटीपी आणि महिलांच्या डब्ल्यूटीएने त्या वर्षीचे पॉइंटच काढून घेतले, म्हणजे कागदावर विम्बल्डन आपल्या पुण्यातल्या बालेवाडीच्या २५० पेक्षाही खाली गेलं. जोकोविच जिंकला, पण आदल्या वर्षीचे २००० मुदत संपून गेले आणि नवीन आले शून्य, त्यामुळे कप हातात घेऊन हा माणूस रँकिंगमध्ये तिसऱ्यावरून सातव्यावर घसरला. तरी आज त्याची विम्बल्डनं मोजताना ते वर्ष कोणी वगळतं का? त्या वर्षी महिलांमध्ये जिंकलेल्या रिबाकिनाच्या नावापुढे विम्बल्डन चॅम्पियन लिहिताना कोणी कंसात काही टाकतं का? पुरुषांना जो कप देतात तो १८८७ पासूनचा तोच आहे, वर टोकाला छोटंसं अननस आहे आणि अंगावर 'जगाचं अजिंक्यपद' असे शब्द कोरलेत, आणि तो घरी न्यायला मिळत नाही, खेळाडूला त्याची प्रतिकृती देतात. त्यावर आपलं नाव यावं म्हणून पोरं लहानपणापासून घासतात, २००० पॉइंटसाठी नाही.

पैशाचंही तेच. २०२४ मध्ये रियाधला सहा खेळाडूंची एक प्रदर्शनी स्पर्धा झाली, सिक्स किंग्स स्लॅम, सिनर जिंकला आणि त्याला ६० लाख डॉलर मिळाले. त्या वर्षी कुठल्याच ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला एवढे पैसे मिळाले नव्हते. पण सिनरने काय काय जिंकलंय असं विचारलं तर तुम्ही ऑस्ट्रेलियन ओपन सांगाल, यूएस ओपन सांगाल, रियाध तोंडात येणारच नाही.

हे पुण्याच्या माणसाला लवकर कळेल बघा. विसर्जनाला पहिला मान कसब्याच्या गणपतीचा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. दगडूशेठला गर्दी लोटते, रोषणाई बघायला गावोगावचे लोक येतात, सगळ्या महाराष्ट्राचं प्रेम आहे त्याच्यावर, पण मानाच्या पाचांत तो नाही आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नाही. गर्दी वेगळी, मान वेगळा. मान पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी दिलेला असतो, तो विकत आणता येत नाही आणि एका वर्षात काढूनही घेता येत नाही.

आता ऑलिम्पिक. टेनिस १९२४ नंतर ऑलिम्पिकमधून गेलं ते अधिकृतपणे परत आलं १९८८ ला, त्यामुळे मधल्या कित्येक पिढ्यांना त्याची ओढच नव्हती. म्हणून टेनिसमध्ये ऑलिम्पिकचा मान बराच नवा आहे आणि तो खेळाडूंनीच वाढवला हे माझं ठाम मत. जोकोविचचंच बघा, २००८ ला ब्राँझ, २०१२ ला ब्राँझची मॅच डेल पोत्रोकडून हरला, २०१६ ला रिओत परत डेल पोत्रोच आणि तेही पहिल्याच राउंडला, रडत कोर्टाबाहेर गेला, टोकियोत पुन्हा चौथा. २४ ग्रँड स्लॅम झाली तरी हे राहिलंच होतं. २०२४ च्या जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन, जुलैत विम्बल्डनची फायनल अल्काराझकडून हरला, आणि ऑगस्टमध्ये ३७ व्या वर्षी त्याच अल्काराझला दोन टायब्रेकमध्ये हरवलं, ७-६, ७-६. शेवटचा पॉइंट झाल्यावर तो गुडघ्यांवर बसला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, मी टीव्हीसमोर होतो, आमच्या घरात कोणी बोललं नाही. पॉइंट शून्य, स्पर्धेकडून बक्षिसाची रक्कम शून्य. मास्टर्स १००० च्या नऊच्या नऊ स्पर्धा त्याने किमान दोनदा जिंकल्यात, असं दुसऱ्या कोणी केलेलं नाही, पण तिथे कुठे तो असा हललेला तुम्ही पाहिलात?

तर माझ्या मते कसोटी एकच, हरल्यावर कोणाची झोप उडते. जिथे हरलेलं वर्षानुवर्षं सलतं ती मोठी स्पर्धा.

प्रश्न : अमेरिकेतल्या इंडियन वेल्सच्या मास्टर्सला पाचवं ग्रँड स्लॅम म्हणतात, ते खरंच कधी होईल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : नाही होणार. स्टेडियम भव्य आहे, ऑरॅकल कंपनीच्या लॅरी एलिसनने २००९ ला स्पर्धा विकत घेतल्यापासून भरपूर पैसा ओतलाय, खेळाडूंना तिथे जायला मनापासून आवडतं. पण सिंगल्सचा ड्रॉ ९६ खेळाडूंचा, स्लॅमचा १२८ चा, आणि पुरुषांच्या मॅच तीन सेटच्या. दोन सेट मागे पडून चार तासांनी जिंकणं हा प्रकारच तिथे नाही. आणि मुळात चौघांच्या पंगतीत पाचवं पान मांडायला बाकीचे चार कशाला तयार होतील.

प्रश्न : बाबा सांगतात की सत्तरच्या दशकातला स्वीडनचा बोर्ग ऑस्ट्रेलियन ओपन खेळायचाच नाही. असं कसं? मग त्याच्या ११ स्लॅमची आजच्या खेळाडूंशी तुलना कशी करायची? (वाचक, सांगली)

उत्तर : बाबा बरोबर सांगतायत. बोर्ग आख्ख्या करिअरमध्ये तिथे एकदाच खेळला, १९७४ ला. त्याच्याच काळातला अमेरिकेचा कॉनर्स दोनदा, ७४ आणि ७५. कारणं अगदी साधी, तेव्हा ती स्पर्धा नाताळ-न्यू इयरच्या आसपास यायची, युरोप-अमेरिकेतून प्रवास लांबचा, बक्षीस कमी, त्यापेक्षा डॅलसच्या डब्ल्यूसीटी (वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस) फायनल्सला किंवा वर्षअखेरच्या मास्टर्सला (आजची एटीपी फायनल्स) जास्त वजन होतं. १९७६ ला तर मार्क एडमंडसन जिंकला, ज्याचं रँकिंग २१२ होतं! १९७७ ला तारखा बदलायच्या नादात एकाच वर्षात दोनदा स्पर्धा झाली, जानेवारीत आणि डिसेंबरात.

मग १९८८ ला त्यांनी मेलबर्नमधल्याच कूयाँग क्लबचं गवत सोडलं आणि मेलबर्न पार्कला हार्ड कोर्टवर गेले, छप्पर बंद करता येईल असं स्टेडियम बांधलं, जानेवारीची तारीख तर आधीच्याच वर्षी पक्की झाली होती. तरी अगासी पहिल्यांदा तिथे गेला तो १९९५ ला, आणि गेला तो जिंकूनच आला. आणि फक्त ऑस्ट्रेलियाच कशाला, खुद्द बोर्गने १९७७ ला फ्रेंच ओपन सोडलं, अमेरिकेत वर्ल्ड टीम टेनिस ही सांघिक लीग खेळायची होती म्हणून, आज असं कोणी केलं तर वेड्यात काढतील. १९७३ ला तर ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवरच बहिष्कार टाकला, युगोस्लाव्हियाच्या निकोला पिलिचला निलंबित केलं म्हणून, आणि चेकोस्लोव्हाकियाचा कोदेश जिंकला. आपला विजय अमृतराज त्याच वर्षी क्वार्टर फायनलला गेला आणि पाच सेट झुंजून त्या कोदेशकडूनच हरला. सगळे असते तर विजय तिथवर पोचला असता का हा प्रश्न लोक काढतात, मला तो पटत नाही, समोर येईल त्याच्याशीच खेळता येतं.

तुलनेचं म्हणाल तर बोर्गच्या काळात कोणी स्लॅमची बेरीज करत बसत नव्हतं, आकड्याचं वेड वाढलं ते सॅम्प्रास एमर्सनच्या १२ स्लॅमच्या विक्रमामागे लागला तेव्हापासून. म्हणून बोर्गचे ११ हे सहा फ्रेंच आणि पाच विम्बल्डन असे सुटे सुटे बघा, चार ठिकाणांपैकी एक त्याने जवळजवळ खेळलंच नाही हे लक्षात ठेवून.

प्रश्न : बालेवाडीची महाराष्ट्र ओपन का गेली? आणि आता जी चॅलेंजर होते ती बघण्यासारखी असते का? (वाचक, पिंपरी)

उत्तर : २५० स्पर्धेचं परमिट असतं आणि ते एका शहरातून दुसऱ्या शहरात हलतं. आपल्याकडे ती चेन्नईहून आली, २०१८ ते २०२३ राहिली, मध्ये २०२१ कोविडमध्ये गेलं, आणि २०२४ पासून तो आठवडा हाँगकाँगला गेला. आपली खरी अडचण तारखेची होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ज्याला मेलबर्नला खेळायचंय तो ब्रिस्बेनकडे बघतो, तिथलं ऊन, तिथली हवा अंगाला लागते, पुण्यातून लांबची फ्लाइट करून तिकडे कोण जाणार. फेब्रुवारीत नेऊन पाहिली तर तिथे दुसऱ्या देशांतल्या स्पर्धांशी टक्कर.

तरी २०१९ ची फायनल मी विसरणार नाही. सहा महिन्यांपूर्वी विम्बल्डनची फायनल खेळलेला केविन अँडरसन आणि समोर ३९ वर्षांचा सात फुटी कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकला. टीव्हीवर सर्व्हिस नुसती जोरात वाटते, तिथे बसलं की बॉल रॅकेटला लागल्याचा आवाज आधी छातीत बसतो आणि मागच्या फलकावर आदळल्याचा लगेच दुसरा, मधलं काही दिसतच नाही. माझ्या शेजारी एक आजोबा प्रत्येक एसला (समोरच्याला बॉल लागतच नाही अशा सर्व्हिसला) मांडीवर थाप मारत होते. तो २५० चा आकडा तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता.

चॅलेंजर जरूर बघा. चॅलेंजर १०० जिंकायला पाच मॅच जिंकाव्या लागतात आणि मिळतात १०० पॉइंट, तेवढेच ग्रँड स्लॅममध्ये दोन मॅच जिंकून तिसरी हरलात तरी मिळतात, म्हणून ही पोरं जीव तोडून खेळतात. सुमित नागल २०२४ च्या फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकला तेव्हाच पहिल्यांदा टॉप शंभरात गेला. आणि त्याच महिन्यात बालेवाडीची चॅलेंजर जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं. ऑक्टोबर २०२५ ला तोच वाशेरो २०४ व्या रँकिंगवरून शांघायला क्वालिफायर म्हणून, म्हणजे पात्रता फेरी खेळून, उतरला, सेमीला जोकोविचला आणि फायनलला स्वतःच्या मावसभावाला, रिंडरक्नेशला हरवलं आणि मास्टर्स १००० घेऊन गेला. वीस महिन्यांपूर्वी हाच माणूस आपल्या बालेवाडीत खेळत होता.