वाचकांचे प्रश्न: ग्रामसभा गेली, आता बोलायचं कुठं?

प्रश्न: आमच्या गावात ग्रामपंचायत होती तोवर ग्रामसभेला जाऊन गटरीचं, दिवाबत्तीचं तोंडावर विचारता यायचं. आता नगरपालिका झालीय. मागं आम्ही काही बायका मिळून सभेला गेलो तर म्हणाले, बसा, पण बोलायचं नाही. मग आमचं म्हणणं मांडायचं कुठं?
- एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: ताई, हुपरी, शिरोळ, आजरा, चंदगड अशी कितीतरी गावं गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायतीतून नगरपालिका नाहीतर नगरपंचायत झाली, त्यामुळं हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार सभासद असतो, म्हणून 26 जानेवारीला नाहीतर 15 ऑगस्टला उभं राहून सरपंचाला जाब विचारता येत होता. नगरपालिकेची सभा नगरसेवकांची असते, ती लोकांना खुली असते म्हणजे बसून ऐकायचा हक्क तुमचाच आहे, फक्त मधे बोलता येत नाही. वॉर्डापुरते प्रश्न बघणाऱ्या वॉर्ड समित्यांची सक्ती राज्यघटनेत 3 लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येला आहे आणि जयसिंगपूरपासून मुरगूडपर्यंत आपल्याकडची एकही नगरपालिका त्या आकड्याच्या जवळपास नाही, म्हणजे तीही वाट बंद.

म्हणून बोलायचं ते सभेच्या आधी. 1965 च्या नगरपरिषद कायद्यानुसार साधारण सभा दोन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते आणि तिची नोटीस अजेंड्यासकट पूर्ण सात दिवस आधी निघते. तुमच्या गटरीचं निवेदन नोटीस निघायच्या आधी पोचलं पाहिजे, एक प्रत वॉर्डाच्या नगरसेवकाला, एक मुख्याधिकाऱ्यांना, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली एक प्रत आपल्याकडं ठेवायचीच, तोंडी सांगून आलं की ते तिथंच विरतंय बघा. नगरसेवकाला नुसतं "लक्ष घाला" म्हणू नका, "हा विषय अजेंड्यावर घ्या" असं म्हणा, कारण अजेंड्यावर आला की त्यावर ठराव करावा लागतो, सूचक कोण अनुमोदक कोण, म्हणजे ठराव कुणी मांडला आणि पाठिंबा कुणी दिला, हे लिहावं लागतं.

आणि सभेला गेलात की पहिल्या विषयाला कान द्या. तो बहुतेक सगळीकडं एकच असतो, मागील सभेचे इतिवृत्त, म्हणजे त्या सभेत काय झालं याची लेखी नोंद, वाचून कायम करणे. दोन मिनिटांत "मंजूर, मंजूर" म्हणून उरकतात आणि लोकांना वाटतं हा नुसता सोपस्कार, पण मला तरी अख्ख्या सभेत हाच विषय सगळ्यात मोठा वाटतो, कारण मागच्या सभेत कोण किती ओरडलं, पेपरात काय छापून आलं याला पुढं काही किंमत नसते, प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, जे लिहिलं तेवढंच झालं असं धरतात. तुमच्या नगरसेवकानं एखाद्या टेंडरला विरोध केला आणि तो इतिवृत्तात आला नाही तर उद्या ऑडिटला ठराव सर्वानुमते मंजूर असाच दिसणार. विरोध लेखी द्या आणि नोंद झाली का ते बघा, हे त्यांना सांगायला तुम्ही अजिबात लाजू नका, मत तुम्ही दिलंय. हे इतिवृत्त गावातल्या रहिवाशाला ऑफिसच्या वेळेत बघता येतं. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न: अजेंड्याच्या शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" असं असतं, ते काय?
- एक कॉलेज विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर: अचानक पाईपलाईन फुटली, साथ आली, पुराचं पाणी चढलं, अशासाठी ती सोय आहे आणि पंचगंगा वारणेच्या काठावर राहणाऱ्यांना तिची गरज वेगळी सांगायला नको. पण त्याच दारानं जागा भाड्यानं देणं, ठेक्याला मुदतवाढ असले विषय आले तर ते मला सरळ चूक वाटतं, कारण सात दिवसांची नोटीस ज्यासाठी आहे तेच त्यात निघून जातं, नगरसेवकांनाही वाचायला वेळ मिळत नाही. असा ठराव बेकायदा आहे किंवा त्यानं लोकांचं नुकसान होतंय असं वाटलं तर त्याच नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन अर्ज देताना सोबत ठरावाची नक्कल जोडा, नुसत्या ऐकीव माहितीवर तिथं कोण विचारत नाही.

प्रश्न: घरफाळा एकदम वाढवून आलाय. सभेत विषय निघेपर्यंत थांबू का?
- एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज तालुका

उत्तर: थांबू नका सर. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, त्यावर ज्याची त्यानं लेखी हरकत घ्यायची असते आणि ती नोटिशीतल्या मुदतीतच. मोजमाप चुकलं असेल, भाडेकरू नसताना भाडं धरलं असेल तर तेच नेमकं लिहा आणि सुनावणीला स्वतः जा. शेजाऱ्यांचंही तेच दुखणं असेल तर सगळ्यांनी मिळून एक अर्ज देऊन भागवू नका, प्रत्येक घराचा अर्ज वेगळा द्या.