कपाशीच्या व्हिडिओंचे विषय आणि थंबनेल
तुमच्या यूट्यूब व्हिडिओंमधील कपाशीची माहिती उत्तम आहे. परंतु ‘कपाशी व्यवस्थापन, भाग ४’ या शीर्षकावरून यवतमाळकडच्या शेतकऱ्याला त्यात आपल्या उपयोगाचे काय आहे, हे कळतच नाही. त्याऐवजी पात्या-फुले लागण्याच्या सुमारास, म्हणजे तो स्वतः उत्तर शोधत असतानाच, ‘डोमकळी (गुलाबी बोंडअळीमुळे नीट न उमललेले, कळीसारखे मिटलेले फूल) दिसली तर काय करावे?’ हा एकच प्रश्न घ्यावा. थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारे चित्र, १२८० × ७२० पिक्सेलचे ठेवून त्यात डोमकळीचे जवळून काढलेले छायाचित्र आणि तीन-चार ठळक शब्द द्यावेत; उजवीकडील खालचा कोपरा मात्र मोकळा सोडावा, कारण तेथे व्हिडिओचा कालावधी उमटतो. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा क्लिक-दर (थंबनेल जितक्या वेळा दिसले, त्यापैकी किती वेळा क्लिक झाले याचे प्रमाण) २ ते १० टक्क्यांदरम्यान असतो, तेव्हा ४ टक्के पाहून खचू नका. न झालेले नुकसान दाखवून भीतीपोटी क्लिक मिळवणे मात्र मला अत्यंत गैर वाटते.