डेटा मॅपिंग: रेषांमागचे काम (वाचकांची प्रश्नोत्तरे)

प्रश्न: आमच्या महापे येथील कंपनीने डेटा मॅपिंगचे चित्ररूप सॉफ्टवेअर घेतले आहे. पडद्यावर डावीकडे एक रचना, उजवीकडे दुसरी आणि मध्ये रेषा व लहान चौकोन दिसतात. हे नेमके कोणत्या घटकांचे बनलेले असते?

उत्तर: डेटा मॅपिंग म्हणजे एका रचनेतील माहिती दुसऱ्या रचनेत कशी न्यायची, हे ठरवणे. डावीकडे स्रोत असतो, उजवीकडे लक्ष्य. या दोन्ही रचना सॉफ्टवेअर स्कीमामधून, म्हणजे रचनेच्या लेखी वर्णनातून, वाचून घेते. एक्सएमएलसाठी (खुणा लावलेल्या मजकुराच्या फाइलसाठी) तिची रचना सांगणारी एक्सएसडी फाइल असते, डेटाबेससाठी टेबल आणि त्याचे कॉलम असतात. कोणते फील्ड (माहितीचा रकाना) अनिवार्य आहे, त्यात अंक येणार की मजकूर, आणि ते एकदाच येणार की अनेकदा, हे स्कीमा सांगतो. एक्सेलच्या साध्या शीटमध्ये यातले काहीच लिहिलेले नसल्यामुळे अनेक सॉफ्टवेअर पहिल्या काही ओळी पाहून अंदाज बांधतात. पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

मधल्या चौकोनांपैकी काही फंक्शने असतात (मजकूर जोडणे, तोडणे, बेरीज, तारखेचे रूप बदलणे), काही स्थिर मूल्ये, काही नको त्या ओळी गाळणारे फिल्टर, तर काही एका कोडचा दुसरा कोड शोधून देणारी लुकअप टेबले. मात्र या चित्राखाली प्रोग्रामच असतो, हे विसरू नये. मॅपफोर्ससारखे सॉफ्टवेअर त्याच चित्रावरून एक्सएसएलटी, एक्सक्वेरी (दोन्ही एक्सएमएल हाताळणाऱ्या भाषा), जावा किंवा सी-शार्प कोड तयार करते. मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉक सॉफ्टवेअरमधील नकाशाचेही (अशा रेषांच्या चित्राला नकाशा म्हणतात) शेवटी एक्सएसएलटीच होते. त्यामुळे ‘कोड नाही, म्हणून चाचणी नको’ हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद मला मान्य नाही.

प्रश्न: वागळे इस्टेटमधील आमच्या कारखान्याच्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येक ओळीत एक वस्तू असते आणि बिल क्रमांक प्रत्येक ओळीत पुन्हा येतो. त्यावरून ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) जेसन फाइल करताना तीन वस्तूंच्या एका बिलाची तीन बिले होतात. रेषा बदलून पाहिल्यावर एकच बिल झाले, पण त्यात पहिलीच वस्तू आली.

उत्तर: ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू झाल्यापासून हा प्रश्न वारंवार येतो. यातली मूळ गोष्ट अशी की, सगळ्या रेषा सारख्या दिसत असल्या तरी त्या दोन प्रकारची कामे करतात. काही रेषा एका फील्डातील मूल्य दुसऱ्या फील्डात नेतात. काही रेषा मात्र मूल्य नेत नाहीत. डावीकडच्या प्रत्येक ओळीमागे उजवीकडे एक नवी नोंद तयार करायची, एवढेच त्या सांगतात. आपण ही दुसऱ्या प्रकारची रेषा एक्सेलच्या ओळीपासून थेट बिलाला जोडली, म्हणून जितक्या ओळी तितकी बिले झाली. ती काढून टाकल्यावर एकेक ओळ घेत जाणारा फेराच उरला नाही आणि पहिली ओळ तेवढी पोचली.

उपाय म्हणजे मध्ये गटवारीचा घटक ठेवणे. त्यातून दोन वाटा निघतात: प्रत्येक गटामागे एक बिल, आणि त्या गटातील प्रत्येक ओळीमागे वस्तूंच्या यादीत एक नोंद. ग्राहकाचे नाव, बिलाची तारीख ही शीर्षभागातील माहिती गटाच्या पहिल्या ओळीतून घ्यावी. पण तीच माहिती गटातील बाकीच्या ओळींतही तंतोतंत तशीच आहे का, हे तपासणारी एक अट जोडावी. बेरजेचे फंक्शन गटाच्या आत आहे ना, हेही पाहावे, अन्यथा प्रत्येक बिलावर संपूर्ण शीटची बेरीज छापली जाते.

गट कशावरून पाडायचा, हा खरा निर्णय आहे आणि तो सॉफ्टवेअर घेत नाही. नुसता बिल क्रमांक पुरत नाही, कारण नव्या आर्थिक वर्षात तोच क्रमांक पुन्हा येऊ शकतो. ई-इन्व्हॉइसचा ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवज क्रमांक या चार गोष्टींवरून तयार होतो. आपणही गटासाठी हीच चौकडी वापरावी. आणखी एक खबरदारी: काही घटक फक्त लागोपाठ आलेल्या ओळींचाच गट करतात. असा घटक असेल, तर आधी शीट क्रमाने लावून घ्यावी. एक्सएसएलटीमध्ये गटवारीची स्वतंत्र सोय २००७ च्या २.० आवृत्तीत आली, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीवर चालणाऱ्या जुन्या नकाशांत हेच काम फार द्राविडी प्राणायामाने केलेले आढळते.

प्रश्न: कोपरखैरणे येथील आमच्या सीए कार्यालयात आम्ही ग्राहकाच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन अंक घेऊन, ते २७ (महाराष्ट्राचा कोड) असतील तर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यांतर्गत विक्रीचा कर), नसतील तर आयजीएसटी (आंतरराज्यीय विक्रीचा कर), अशी अट लावली आहे. ती पुरेशी आहे का?

उत्तर: नाही. पहिले दोन अंक राज्याचा कोड दाखवतात हे खरे, पण कर ठरतो तो पुरवठ्याच्या स्थळावरून. म्हणून ते फील्ड स्रोतातून स्वतंत्रपणे घ्यावे आणि त्याची तुलना विक्रेत्याच्या राज्याशी करावी. शिवाय सेझमधील (विशेष आर्थिक क्षेत्रातील) कंपनीला केलेला पुरवठा एकाच राज्यात असला तरी आंतरराज्यीय मानला जातो. आपल्या अशिलाने ऐरोलीच्या सेझमधील ग्राहकाला माल दिला, तर दोन्हीकडे २७ असूनही आयजीएसटीच लागू होईल. ग्राहक सेझमधील आहे का, ही अट राज्याच्या अटीच्या आधी तपासली गेली पाहिजे.

प्रश्न: तुर्भे बाजारातील आमच्या पेढीत एक्सेलमधून टॅलीत नोंदी नेताना मालाचे ००४५ सारखे कोड ४५ होतात आणि तारखा उलटसुलट होतात.

उत्तर: ज्याची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नाही, ते अंकांत लिहिलेले असले तरी मजकूरच समजावे. मालाचा कोड, पिनकोड, मोबाइल क्रमांक, बँक खाते हे सगळे त्यात आले. नकाशात स्रोताचे फील्ड ‘मजकूर’ म्हणून जाहीर करावे; पण शीटमध्येच शून्ये गेली असतील, तर ती नकाशाला परत आणता येत नाहीत.

एक्सेल तारीख आतून एका अनुक्रमांकाच्या रूपात ठेवते, तर टॅलीच्या एक्सएमएलला ती वर्ष, महिना, दिवस अशी सलग आठ अंकांत लागते, उदाहरणार्थ २०२५०४०३. एकाच कॉलममध्ये काही खऱ्या तारखा आणि काही टंकलेला मजकूर असेल, तर ३ एप्रिलचे ४ मार्च होते आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. म्हणून आधी फिल्टरने मजकूररूप तारखा वेगळ्या काढाव्यात. आणखी एक गोष्ट: टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची (डेबिट) रक्कम उणे चिन्हाने जाते, त्यामुळे तिथे चिन्ह बदलणारे फंक्शन लागते.

प्रश्न: नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभासद यादी जुन्या मराठी फाँटमध्ये आहे. लुकअप टेबल वापरून ती युनिकोडमध्ये आणता येईल का?

उत्तर: एका चिन्हासमोर दुसरे चिन्ह ठेवून काम अर्धवट होईल. त्या फाँटमध्ये अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘शिंदे’ लिहिताना जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर; ‘कर्वे’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘व’च्या नंतर असतो, तो आधी न्यावा लागतो. त्यामुळे लुकअपनंतर क्रम बदलणारे, आपण स्वतः लिहिलेले फंक्शन हवे. दुसरा मार्ग म्हणजे त्या विशिष्ट फाँटसाठी तयार असलेला परिवर्तक नकाशाच्या आधी चालवणे. एकदाच करायच्या कामासाठी मी हाच सुचवेन. नंतर नावे मात्र एखाद्या जुन्या सभासदाकडून वाचून घ्यावीत.

प्रश्न: घणसोलीच्या आमच्या कार्यालयातील एका नकाशात इतक्या रेषा झाल्या आहेत की बदल करायची भीती वाटते.

उत्तर: पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकोनांचा समूह निवडून त्याचे एक स्वतंत्र फंक्शन करावे, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. मोठ्या नकाशाचे दोन करावेत: पहिल्यात फक्त साफसफाई, दुसऱ्यात रचनाबदल. प्रत्येक बदलानंतर तीच छोटी नमुना फाइल चालवून निकाल आधीच्या निकालाशी ताडून पाहावा. त्या फाइलमध्ये एका वस्तूचे बिल, अनेक वस्तूंचे बिल, आणि ज्यात एखादे फील्ड मुळातच नाही, एखादे आहे पण कोरे आहे आणि एखाद्यात शून्य आहे, असे बिल असावे. या तीन स्थिती सॉफ्टवेअर वेगवेगळ्या मानते. चौकोनाला ‘फंक्शन ७’ असे नाव न ठेवता ‘सेझ तपासा’ असे ठेवावे.