मुंबईत समुद्राकाठच्या बागेत एक निवांत दुपार घालवायची असेल तर कुठे जावं?

बांद्र्याच्या किल्ल्यावर जा, पण शनिवार-रविवार टाळून. मरीन ड्राइव्ह मलाही आवडतो, मात्र भर दुपारी तिथे कठड्यावर सावली नसते आणि पाठीमागे गाड्यांचा आवाज थांबत नाही. किल्ल्याच्या उतारावर बाग आहे. तिथे झाडाखाली बसलं की समोर माहीमचा उपसागर आणि सी लिंक दिसतो.

पोर्तुगीजांनी १६४० मध्ये हा किल्ला बांधला तो याच पाण्यावर नजर ठेवायला. पुढे मराठे साष्टीत, म्हणजे बांद्रा ज्यात येतं त्या बेटावर, आले तेव्हा तो त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी बराचसा पाडून टाकला. आता दरवाजा आणि थोड्या भिंती उरल्यात. नुसता किल्ला बघायचा म्हटलं तर पाच-दहा मिनिटांत होतो. इथली खरी मजा बसून राहण्यात आहे.

माझा आग्रह एकच, भरती-ओहोटीची वेळ बघून जा. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, एकादशीला सव्वाआठला. भरतीच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे दुपारी दोनच्या सुमारास ओहोटी हवी असेल तर एकादशी गाठा. शुक्ल असो की वद्य, दोन्ही पक्षांत हेच गणित चालतं.

ओहोटीला खालचे काळे खडक उघडे पडतात. त्यांना कालवं चिकटलेली असतात, खळग्यांत पाणी साचलेलं असतं. अशा एखाद्या खळग्याशी न हलता बसून बघा. आधी काहीच दिसत नाही, मग कडेच्या फटीतून एक चिमुकला खेकडा बाहेर येतो, आणि तुमची सावली जराशी सरकली की लगेच आत. माझा यात तासभर सहज जातो. भरतीच्या वेळी मात्र वरच बसा, आणि पावसाळ्यात खडकांवर उतरूच नका, शेवाळ फार निसरडं असतं.

बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ल्याजवळच्या बँडस्टँडला बस किंवा रिक्षा मिळते. पाणी आणि टोपी घरूनच न्या. पाचनंतर सूर्यास्त बघणाऱ्यांची गर्दी होऊ लागते. तेव्हा उठून मोत माउलीच्या देवळाकडे, म्हणजे माउंट मेरी चर्चकडे, चढून गेलात तर संध्याकाळही छान जाईल.